कच्चा किकर की खुजी जोडी? पोझिशन नसताना टॉप पेअरची दोन दुखणी

पोकरमध्ये टॉप पेअर लागली (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाशी तुमच्या पानाची जोडी जमली), पण छाती ठोकून पैसे लावावेत इतकी दमदार नाही. असे हात दोन जातींचे असतात. एकात जोडी मोठी पण किकर (तुमच्या हातातलं दुसरं पान) कच्चा. दुसऱ्यात किकर झकास पण जोडीच खुजी. ताकद साधारण सारखी वाटते म्हणून दोन्ही एकाच साच्यात खेळले जातात, आणि पैसे गळतात ते तिथेच.

नो-लिमिट होल्डेम (हातात दोन पानं, टेबलावर सामायिक पाच), दोघांकडे 100 बिग ब्लाइंड (सक्तीचा मोठा बेट; पुढचे सगळे आकडे याच मापात). बटणाने (पुढच्या प्रत्येक फेरीत शेवटी बोलणारा खेळाडू) 2.5 ला रेझ केलं, म्हणजे बेट वाढवला; स्मॉल ब्लाइंड (सक्तीचा अर्धा बेट लावणारा) फोल्ड, म्हणजे पानं टाकून बाहेर; तुम्ही बिग ब्लाइंडमधून कॉल, म्हणजे तेवढेच पैसे घातले. पॉट (मध्ये जमलेले पैसे) 5.5. इथून फ्लॉप (पहिली तीन सामायिक पानं), टर्न (चौथं) ते रिव्हरपर्यंत (पाचवं) प्रत्येक वेळी आधी बोलायचं तुम्ही; बटण तुमची चाल बघून ठरवणार. पोझिशन नसणं म्हणतात ते हेच.

पहिला हात: इस्पिकचा राजा-छक्की. फ्लॉप चौकट राजा, किल्वर अठ्ठी, बदाम तिर्री. दुसरा हात: किल्वरचा एक्का-अठ्ठी. फ्लॉप बदाम अठ्ठी, इस्पिक पंजी, चौकट तिर्री.

राजा-छक्कीला पुढच्या पानांची भीती जवळजवळ नाही. राजाच्या वर फक्त एक्का. तो टर्नला येण्याची शक्यता 47 पैकी 4, म्हणजे साडेआठ टक्के. भीती आहे ती समोरच्याकडे आधीच असलेल्या राजाची. उरलेले राजे दोन. त्यांच्यासोबत एक्का, राणी, गुलाम, दश्शी किंवा नव्वी धरली तर 40 जुळण्या होतात आणि बटणावरून त्यातल्या बहुतेक रेझ होतात. तुमच्यापेक्षा हलका किकर असलेले, एकाच रंगाचे राजा-पंजी, राजा-चव्वी, राजा-दुर्री मिळून फक्त 6. राजा-राणीसमोर सापडलात तर वाचवणाऱ्या छक्क्या तीन. दोन पानांत एखादी यायची शक्यता 13 टक्के.

म्हणून इथे चेक (बेट न लावता पाळी पुढे सोडणं), आणि पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याचा (सुमारे 1.8) बेट आला तर नुसता कॉल. 9.1 च्या पॉटसाठी 1.8 घालताय, म्हणजे 20 टक्के वेळा जिंकलात तरी बरोबरी. रेझचा मोह टाळा. रेझ केलात की अठ्ठीवाले आणि राणी-गुलाम निघून जातात, थांबतात ते चांगले राजे. ज्यांना तुम्ही हरवताय त्यांना एक पान फुकट दिसल्याने फारसं बिघडत नाही: दश्श्यांच्या जोडीला सुधारायला दोनच पानं आहेत. टर्नला 9.1 मध्ये 6 चा बेट आला तर आणखी एक कॉल ठीक. रिव्हरला पुन्हा पॉटच्या पाऊण हिश्श्याचा बेट आला, तर छोट्या स्टेक्सच्या (कमी पैशांच्या) टेबलावर फोल्ड करा. या बोर्डावर (सामायिक पानांवर) फसलेले ड्रॉ (एखाद्या पानाची वाट बघणारे अपुरे हात) फारसे नसतात. तिसऱ्यांदा दणकून लावणारा बहुतेक वेळा खराच असतो.

एक बारकावा: टर्न-रिव्हरला गुलाम आणि दश्शी पडली तर तुमची छक्की हातातून बादच होते. राजांची जोडी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, हीच पाच पानं. तेव्हा राजा-सत्तीशी पॉट वाटून मिळतो. राजा-नव्वी मात्र तरीही जिंकते.

आता एक्का-अठ्ठी. किकरवरून तुम्हाला कोणी हरवत नाही. नव्वीपासून राजापर्यंतची 20 पानं मात्र तुमच्या जोडीच्या वर आहेत. त्यातलं निदान एक रिव्हरपर्यंत पडण्याची शक्यता साडेसदुसष्ट टक्के! शिवाय राजा-गुलाम, राणी-दश्शी असल्या काहीच न लागलेल्या हातालाही सहा पानं मिळतात, दोन पानांत सुमारे 25 टक्के. त्यांना फुकट किंवा स्वस्तात पुढे नेणं महाग पडतं.

म्हणून इथे चेक करून, समोरून 1.8 चा बेट आला की 6.5 पर्यंत रेझ. राजा-गुलाम फोल्ड झाला तर तो तुमचा फायदाच. सत्त्यांची जोडी, दश्शी-अठ्ठी, सत्ती-छक्कीचा सीक्वेन्स ड्रॉ कॉल करतात आणि त्या सगळ्यांच्या तुम्ही पुढे असता. नव्वीपासून राजापर्यंतची ओव्हरपेअर (हातातलीच, बोर्डापेक्षा मोठी जोडी) निघाली तरी तीन एक्के आणि दोन अठ्ठ्या उरतात, 21 टक्के. वर राजा-छक्कीला तेरा होते. एक्क्यांची जोडी समोर असेल तर मात्र दोन अठ्ठ्यांवरच भिस्त.

बेट 1.8 ऐवजी पॉटच्या पाऊण हिश्श्याचा असेल तर हा रेझ विसरा. मोठ्या बेटमागे ओव्हरपेअर दाट असतात, तेव्हा फक्त कॉल. तुमच्या रेझवर परत रेझ आला तर बहुतेक टेबलांवर फोल्ड. कॉल आला, पॉट 18.5 झाला, टर्नला तिर्री पडली तर 9 लावा. गुलाम पडला तर चेक, आणि अर्ध्या पॉटपर्यंतचाच बेट कॉल करा.

गुलामाची टॉप पेअर या दोन्हींच्या मधली. किकर गुलामापेक्षा लहान असेल तर वरची पानं 12, रिव्हरपर्यंत पडण्याची शक्यता 45 टक्के. किकर एक्का किंवा राजा असेल तर दुसऱ्या हातासारखी चालवा, छक्की-सत्ती असेल तर पहिल्यासारखी. अठ्ठी-छक्कीला दोन्ही दुखणी एकदम असतात: फ्लॉपला कॉल, आणि टर्नला नव्वी किंवा तिच्या वरचं पान व मोठा बेट एकत्र आले तर फोल्ड.