काकडीवर्गीय पिकांवरील केवडा रोगाचा प्रसार आणि हवामान

काकडी, दोडका, कारले, दुधी भोपळा, खरबूज, कलिंगड इत्यादी वेलवर्गीय पिकांच्या पानांवर पडणारा केवडा (इंग्रजीत डाऊनी मिल्ड्यू, बोलण्यात ‘डाऊनी’) हा रोग स्यूडोपेरोनोस्पोरा क्युबेन्सिस या सूक्ष्मजीवामुळे होतो. क्यूबामधील नमुन्यावरून १८६८ मध्ये प्रथम वर्णिलेला हा जीव दिसायला बुरशीसारखा असला, तरी तो खऱ्या बुरशींपैकी नसून ऊमायसिटीज गटातील, म्हणजे पाण्याशी घट्ट नाते असलेल्या जीवांपैकी आहे. तो केवळ जिवंत पानावरच वाढतो. त्यामुळे एका शेतातून दुसऱ्या शेतात होणारा त्याचा प्रवास वारा, ओलावा आणि तापमान यांच्यावर जवळजवळ पूर्णपणे अवलंबून असतो.

सातारा व सांगली जिल्ह्यांत हे अवलंबन विशेष स्पष्ट दिसते. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी व जत हे तालुके साधारण ५०० मिमी.च्या आसपासच्या पावसावर भागवतात. पाऊस अधिक तेथे रोग अधिक, असा सरळ हिशेब मात्र येथे लागू पडत नाही. वर्षाचा पाऊस किती झाला यापेक्षा रात्री पान किती तास ओले राहिले आणि त्या वेळी तापमान किती होते, या दोन गोष्टी अधिक निर्णायक ठरतात. म्हणूनच पावसाळा संपल्यावर, आभाळ निरभ्र असतानाही, केवळ दवावर हा रोग दुष्काळी पट्ट्यातील काकडीचा प्लॉट वाया घालवू शकतो.

रोगाचे चक्र रात्रीपासून समजून घेणे सोयीचे आहे. बाधित पानाच्या खालच्या बाजूस बीजाणुधानी (रोग पसरवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या) तयार होण्यासाठी अंधार आणि संपृक्ततेजवळ पोचलेली आर्द्रता सलग सुमारे ६ तास लागते. सकाळी ऊन चढून हवा कोरडी होऊ लागली की त्या सुटतात आणि वाऱ्यावर उडतात. स्वच्छ, कडक उन्हात त्या लवकर मरतात. ढगाळ हवेत मात्र अधिक काळ तग धरून त्या दूरवर पोचतात. ओल्या पानावर पडलेल्या बीजाणुधानीतून चलबीजाणू, म्हणजे पोहू शकणारे बीजाणू, बाहेर येतात, पाण्याच्या पातळ थरात पोहत पर्णरंध्रापाशी जातात आणि तेथून आत शिरतात. तापमान १५ ते २० अंश से. असेल आणि रोगबीज भरपूर असेल, तर पान २ तास ओले राहिले तरी लागण होऊ शकते. तापमान याहून बरेच कमी किंवा जास्त असल्यास ओलावा अधिक वेळ टिकावा लागतो. त्यानंतर हवामानानुसार साधारण ४ ते १२ दिवसांत डाग दिसतात. आज दिसणारा डाग हा मागच्या आठवड्यातील एखाद्या रात्रीचा परिणाम असतो, आणि डाग पाहून फवारणीचा पंप उचलणाऱ्याची गाडी तेथेच चुकते.

काकडीवर हे डाग शिरांच्या मधोमध, कोनाकृती व पिवळे दिसतात. कलिंगड व खरबूज यांवर कोन तितके स्पष्ट नसतात. पहाटे पान उलटून पाहिल्यास डागाखाली करडी-जांभळट लव आढळते. फळावर रोग थेट पडत नाही, पण पाने वाळल्याने फळे उघडी पडून उन्हाने भाजतात, आणि कलिंगड-खरबुजाची गोडी घटते. पानाच्या वरच्या बाजूस पांढरी पूड आणणारी भुरी हा वेगळाच रोग असून तिच्या लागणीसाठी पानावर पाणी साचावे लागत नाही. बोलण्यात दोन्ही रोगांना सर्रास ‘भुरी’ म्हटले जाते आणि औषध चुकते.

या भागातील सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे परतीचा पाऊस आणि त्यापाठोपाठ येणारे दवाचे व धुक्याचे दिवस. याच सुमारास तासगाव, मिरज व कवठे महांकाळ या तालुक्यांतील द्राक्षबागायतदारही डाऊनीच्या धास्तीत असतात. द्राक्षावरील डाऊनी प्लास्मोपारा व्हिटिकोला या वेगळ्या जीवामुळे होते आणि ती काकडीवर जात नाही. तरीही ढगाळ दिवस, रिमझिम व ओली रात्र हे दोन्ही रोगांचे समान पोषक असल्याने द्राक्षबागेतील हवामानाचा इशारा शेजारच्या दोडक्याच्या मांडवालाही उपयोगी पडतो.

उन्हाळ्यात चित्र पालटते. माण, खटाव व आटपाडीकडे मार्चनंतर दुपारचे तापमान ३५ अंश से.च्या वर जाते आणि दवही पडेनासे होते, तेव्हा रोगाचा वेग मंदावतो. एखादा वळीव पडून गेला आणि पुढे दोन-तीन दिवस आभाळ भरलेले राहिले, तर तो पुन्हा डोके वर काढू शकतो. मुळात वर्षभर कुठे ना कुठे वेलवर्गीय पीक उभे असल्याने रोगबीज पूर्णपणे संपत नाही.

हवामान केंद्राच्या नोंदी या बाबतीत अपुऱ्या पडतात. सकाळ व दुपारच्या आर्द्रतेच्या दोन आकड्यांवरून मांडवाखालील पान रात्री किती वेळ ओले होते, हे कळत नाही. कृष्णा व वारणा काठच्या उसाने चहूबाजूंनी वेढलेल्या प्लॉटमध्ये वारा अडतो, पाण्याच्या पाळीनंतर दमटपणा कोंडतो आणि दव उशिरापर्यंत सुकत नाही. उलट माळरानावरील ताटीवरचे पीक त्याच सकाळी लवकर कोरडे होते. यामुळे लागवडीची जागा, वेलींतील अंतर आणि वाऱ्याची दिशा यांना औषधाइतकेच महत्त्व द्यावे लागते. तुषार सिंचनाने, विशेषतः संध्याकाळी, पाणी दिल्यास दवाचे तास वाढतात. ठिबकने ते वाढत नाहीत. पॉलिहाऊसमधील काकडीत पावसाचा प्रश्न नसतो, तरी रात्री बंद ठेवलेल्या घरात आतल्या बाजूला घाम धरून पानांवर थेंब पडतात, म्हणून हवा खेळती ठेवावी लागते. मॅन्कोझेबसारखी स्पर्शजन्य औषधे पानावर आधीपासून असली तरच उपयोगी पडतात, कारण एकदा आत शिरलेल्या रोगापर्यंत ती पोचत नाहीत; त्यामुळे त्यांची फवारणी ओल्या रात्रीच्या अंदाजानुसार, तिच्या आधी आणि औषध पानावर वाळण्यास वेळ ठेवून करावी लागते.