फिल्म सोसायटी (मुंबई)

फिल्म सोसायटी : देशोदेशीचे आणि चाकोरीबाहेरचे चित्रपट आपल्या सभासदांना नियमितपणे दाखवणारी, नफ्यासाठी न चालणारी नोंदणीकृत संस्था. मराठीत ‘चित्रपट मंडळ’ हा शब्द वापरला जातो. ‘सिने क्लब’ बहुधा महाविद्यालयांतल्या मंडळांना म्हणतात. मात्र बोलण्यात ‘सोसायटी’ एवढेच चालते. या व्याख्येत ‘सभासद’ हा शब्द सर्वांत मोलाचा आहे. तिकीट काढून कोणीही यावे असा खेळ सोसायटीचा नसतो. संस्थेची कायदेशीर सवलत (सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय चित्रपट दाखवण्याची मुभा), वर्गणी, सभागृहाची निवड आणि खेळानंतरची चर्चा, सगळे या एका अटीवर उभे आहे.

उगम : कल्पना नेमकी कुठली यावर एकमत नाही. फ्रान्समधले अभ्यासक चित्रपट-समीक्षक लुई दल्युक यांच्याकडे बोट दाखवतात. ‘सिने-क्लब’ हा शब्द त्यांनी १९२० च्या सुमारास प्रचारात आणला. रिचोत्तो कानुदो यांचे पॅरिसमधले चित्रपटप्रेमींचे मंडळही साधारण याच काळातले. इंग्रज लेखक लंडनच्या ‘द फिल्म सोसायटी’ला पहिला मान देतात. तिचा पहिला खेळ २५ ऑक्टोबर १९२५ रोजी झाला आणि ती १९३९ पर्यंत चालली. शब्द फ्रान्सचा हे मान्य करूनही, आज मुंबईत चालते त्या पद्धतीचे मूळ लंडनमध्ये शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. ठरलेल्या हंगामाची वर्गणी, रविवारी दुपारचा खेळ, सोबत छापील टिपण आणि सेन्सॉरने न तपासलेला चित्रपट फक्त सभासदांना दाखवण्याची परवानगी ही चौकट तिथे पूर्ण दिसते.

भारतातली पहिली सोसायटी कोणती, हा वाद याहून चिवट. मुंबईत १९३७ साली ‘ॲमॅच्युअर सिने सोसायटी’ निघाली, तर ‘बॉम्बे फिल्म सोसायटी’ १९४२-४३ च्या सुमारास. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कलकत्ता फिल्म सोसायटी’ १९४७ साली स्थापन केली. अनेक ग्रंथ हिलाच आद्य ठरवतात. ‘पहिली’ कशाला म्हणायचे यावर उत्तर अवलंबून आहे. १९३७ च्या संस्थेचे नावच तिचा हौशी चित्रीकरणाकडचा कल सांगते, त्यामुळे तिला पूर्वसूरी मानावे. नियमित खेळ करणारी संस्था हा निकष लावला तर मुंबईचे पारडे जड होते. पाहण्याबरोबर लिहिणे आणि पुढे स्वतः चित्रपट करणे, म्हणजे चळवळ, हा निकष लावला तर कोलकात्याचे. मुंबईची आरंभीची मंडळे इंग्रजी वर्तुळापुरती राहिली आणि मराठी रसिकांपर्यंत ती फारशी पोहोचली नाहीत.

मुंबईतली वाटचाल : भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत सुरू झाला. तो फिल्म्स डिव्हिजनने भरवला होता आणि नंतर दिल्ली, कोलकाता व मद्रासला गेला. इटलीचा नववास्तववाद (सामान्य माणसाचे जगणे जसेच्या तसे दाखवणारा प्रवाह) आणि जपानी चित्रपट येथील प्रेक्षकांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर पाहिले ते या महोत्सवात. दरवर्षी असे पाहायला मिळावे ही भूक त्यातूनच जागी झाली, असे मानण्यास जागा आहे. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया १३ डिसेंबर १९५९ रोजी स्थापन झाली. सत्यजित राय तिचे संस्थापक अध्यक्ष. प्रिंट, म्हणजे चित्रपटाची फिल्मवरची प्रत, एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरवणे, वकिलातींशी बोलणी करणे आणि सवलतीसाठी सरकारकडे शिफारस करणे ही कामे फेडरेशनने अंगावर घेतली. तिच्या पश्चिम विभागाचा कारभार मुंबईतून चालतो.

साठच्या दशकात ‘फिल्म फोरम’ या सोसायटीने मुंबईत चांगले मूळ धरले. बासू चटर्जी, अरुण कौल हे तिच्याशी निगडित होते. मृणाल सेन आणि अरुण कौल यांनी १९६८ साली नव्या चित्रपटाचा जाहीरनामा मांडला, तो याच वातावरणात. त्याच वर्षी ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू झाले. सुधीर नांदगावकर हे त्याचे प्रमुख संघटक होते. मराठी वस्तीत, मराठी भाषेत, मराठी टिपणांसह जागतिक चित्रपट दाखवण्याचे श्रेय प्रामुख्याने या मंडळाकडे जाते. ‘वास्तव रूपवाणी’ हे त्याचे नियतकालिक. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाल्यावर मुंबईच्या मंडळांना अभिजात चित्रपटांचा हक्काचा स्रोत हाताशी आला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक सतीश बहादूर यांच्या रसास्वाद शिकवणीमुळे चर्चेची भाषाही घडली. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आणि नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, तशी सभासदसंख्या रोडावली. मुंबई चित्रपट महोत्सव (१९९७ पासून) आणि ‘थर्ड आय’ आशियाई महोत्सव (२००२ पासून) यांनी नवा प्रेक्षक आणला, पण वर्षभर दर पंधरवड्याला खेळ करण्याचे काम मंडळांकडेच राहिले.

नोंदणी व सवलत : महाराष्ट्रात मंडळाची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दुहेरी होते. किमान सात जण लागतात. मुंबईसाठी कार्यालय वरळीचे धर्मादाय आयुक्तालय. सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय चित्रपट दाखवण्याची मुभा १९५२ च्या चलच्चित्र कायद्याच्या कलम ९ मधून येते. कोणत्याही चित्रपटाचे किंवा चित्रपटांच्या वर्गाचे प्रदर्शन कायद्याच्या प्रमाणपत्राविषयीच्या तरतुदींतून वगळण्याचा अधिकार या कलमाने केंद्र सरकारला दिला आहे. म्हणून दारावर तिकीट विकणे, ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ अशी जाहिरात करणे किंवा एका खेळापुरते पैसे घेऊन आत सोडणे या गोष्टी सवलतीच्या मुळावर येतात. नवख्या मंडळांची चूक बहुधा इथेच होते. सभागृह रिकामे दिसते म्हणून दारावर पावत्या फाडल्या जातात आणि मग ती सभासदांची संस्था राहत नाही. सेन्सॉरमधून सूट म्हणजे चित्रपट दाखवण्याचे हक्क मिळाले असेही नव्हे. दुकानातून विकत घेतलेली डिस्क घरी पाहण्यापुरती असते. जाहीर नसलेल्या खेळालाही हक्कधारकाची लेखी संमती हवी.

प्रिंटचा काळ : जुन्या मंडळांचा बहुतेक कारभार १६ मिमी रुंदीच्या प्रिंटवर चाले, कारण यंत्र उचलून नेता येई. १६ मिमीची फिल्म ध्वनिपटाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला २४ चौकटी, मिनिटाला ३६ फूट जाते. १,६०० फुटांचे रीळ सुमारे ४४ मिनिटे पुरते. ३५ मिमीत मिनिटाला ९० फूट लागतात, म्हणून २,००० फुटांचे रीळ २२ मिनिटांत संपते. दोन तासांच्या चित्रपटाला अशी सहा रिळे. दोन यंत्रे असली की रिळाच्या अखेरीस पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात उमटणारे ठिपके पाहायचे. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची, सुमारे सात सेकंदांनी येणाऱ्या दुसऱ्याला चित्र आणि आवाज बदलायचा.

डबे आल्याबरोबर रीळ उलटे गुंडाळलेले आहे का, हे तपासावे लागे. आधीच्या मंडळाने चित्रपट दाखवून रिळे तशीच परत भरली असतील तर शेवट बाहेर आणि सुरुवात आत असते. १६ मिमी यंत्रात दाराच्या (फिल्ममधून उजेड जातो त्या चौकटीच्या) वर आणि खाली फिल्मचा एकेक सैल वळसा ठेवतात. दारापाशी फिल्म थांबत थांबत सरकते, आवाज वाचणाऱ्या ध्वनिशिरापाशी मात्र एकसारखी धावते. हा फरक तो वळसा सोसतो. ध्वनी चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो. खालचा वळसा सुटला की चित्र नाचू लागते आणि ओठ-आवाजाचा मेळ जातो. तसेच चालू ठेवले तर छिद्रे फाटतात आणि पुढच्या गावच्या मंडळाला तुटकी प्रिंट मिळते. जाणता ऑपरेटर अशा वेळी दिवे लावून यंत्र थांबवी. दोन मिनिटांच्या खोळंब्यापेक्षा प्रिंट वाचणे महत्त्वाचे. मूकपट हा आणखी एक पेच. सेकंदाला १६ चौकटींनी चित्रित केलेला चित्रपट २४ ने चालवला की दीडपट धावतो आणि गंभीर प्रसंगाला प्रेक्षक हसतात. वेग बदलता येणारे यंत्र मिळत नसेल तर मूकपट जाहीर करू नये, असा चांगल्या मंडळांचा शिरस्ता होता.

डिजिटल खेळ : चित्रपटगृहात डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज, चित्रपटगृहासाठीची डिजिटल प्रत) चालते. पूर्ण क्षमतेच्या प्रवाहाला, म्हणजे सेकंदाला २५० मेगाबिटने, दोन तासांच्या चित्रपटाची फाइल सव्वादोनशे गिगाबाइटपर्यंत जाते. ती सर्व्हरवर चढवायलाच वेळ लागतो, म्हणून डिस्क निदान आदल्या दिवशी पोहोचवावी. कुलूपबंद डीसीपीची किल्ली त्या एकाच सर्व्हरपुरती आणि ठरावीक तारीख-वेळेपुरती असते. ऐनवेळी खेळ दुसऱ्या पडद्यावर, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर नेला की किल्ली चालत नाही. खेळ साडेसहाचा आणि किल्ली सहाला उघडणारी असेल तर चाचणी घेता येत नाही. आदल्या दिवसापासूनची मुदत मागून घ्यावी. डिस्कच्या बाबतीत विभाग (ती कोणत्या देशांतल्या यंत्रांत चालेल याचा संकेत) पाहावा. भारत डीव्हीडीसाठी विभाग ५ मध्ये आणि ब्लू-रेसाठी विभाग ‘सी’ मध्ये येतो. युरोपातून आणलेली ‘बी’ विभागाची ब्लू-रे येथील साध्या यंत्रात उघडत नाही.

सगळ्यात जास्त खेळ बिघडतात ते सबटायटल्समुळे. दोष दोन जातींचे असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. ओळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने पुढे-मागे असतील तर फक्त विलंब बदलायचा. व्हीएलसी या प्लेयरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ या कळा ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने तो कमी-जास्त करतात. अंतर हळूहळू वाढत गेले तर दोष वेगाचा असतो. सेकंदाला २५ चौकटींच्या युरोपीय प्रतीसाठी केलेली फाइल २४ च्या प्रतीवर लावली की तासाभरात ओळी सुमारे अडीच मिनिटे आधी येतात. तिथे कळा दाबत बसण्यात अर्थ नाही. सर्व वेळा २५ ला २४ ने भागून येणाऱ्या पटीने गुणून घ्याव्या लागतात. म्हणून पहिली पाच मिनिटे पाहून समाधान मानू नये. सुरुवात, मध्य आणि शेवटून दहावे मिनिट, तिन्ही ठिकाणचे संवाद तपासावेत.

मराठी सबटायटल्स करणाऱ्या मंडळांनी फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात साठवावी. तसे न केल्यास किंवा यंत्रात देवनागरी फाँट नसल्यास अक्षरांऐवजी चौकोन किंवा भलतीच चिन्हे उमटतात. काही प्लेयर जोडाक्षरे फोडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे टाकतात. शिवाय वर मात्रा आणि खाली उकार यांमुळे देवनागरी ओळीला रोमनपेक्षा उभी जागा जास्त लागते. दोन ओळींतले अंतर वाढवले नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे ओळी चित्रातच छापून घेणे, अर्थात हक्कधारकाची परवानगी असेल तर.

सभागृह : काळा घोड्याचे मॅक्सम्युलर भवन, नरिमन पॉइंटचे यशवंतराव चव्हाण केंद्र, प्रभादेवीची पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी, पेडर रोडवरचे पूर्वीचे फिल्म्स डिव्हिजन ही नावे मुंबईच्या सभासदांना पाठ असतात. पूर्वी चर्चगेटचे आकाशवाणी थिएटर आणि मरीन लाइन्सचा ताराबाई हॉल यांचीही भर होती. उपनगरांत मात्र शाळेचा किंवा वाचनालयाचा सपाट हॉल मिळतो आणि तिथे पडद्याचा हिशेब आधी करावा लागतो. बसलेल्या माणसाचे डोके सव्वाचार फुटांपर्यंत येते. म्हणून पडद्याची खालची कड साडेचार फुटांवर हवी. बारा फुटी रुंद पडद्याची उंची १६:९ प्रमाणात पावणेसात फूट होते, म्हणजे सव्वाअकरा फूट छत लागते. छत दहा फुटांचे असेल तर पडदा नऊ फुटी करावा. मोठा पडदा खाली उतरवला तर चौथ्या रांगेपासून सबटायटल्स दिसत नाहीत, आणि परभाषी चित्रपटात ओळी गेल्या की चित्रपटच गेला. खुर्च्या एकाआड एक सरकवून लावल्या तर थोडा फरक पडतो.

उजेडाचेही असेच. बारा फुटी पडद्याचे क्षेत्रफळ ८१ चौरस फूट. दर चौरस फुटामागे १६ ल्युमेन (उजेडाचे माप) धरले तर साधारण १,३०० ल्युमेन प्रत्यक्ष पडद्यावर पडायला हवेत. प्रोजेक्टरच्या खोक्यावरचा आकडा सर्वांत प्रखर, हिरवट छटेच्या अवस्थेतला असतो. चित्रपटासाठीच्या अवस्थेत तो बराच खाली येतो. खिडक्यांना काळे कापड लावल्याशिवाय दुपारचा खेळ ठेवू नये. चित्राचे प्रमाण (रुंदी उंचीच्या किती पट) १.३७ असो वा २.३९, ते तसेच राहू द्यावे. पडदा भरावा म्हणून १.३७ चे चित्र ताणले की माणसे बुटकी आणि रुंद दिसतात, २.३९ चे ताणले की उंच आणि बारीक, आणि दिग्दर्शकाने जपून केलेली चौकट मोडते.

वेळ व चर्चा : कामाच्या दिवशी खेळ साडेसहाला ठेवतात, म्हणजे चर्चा होऊनही कर्जत-विरारकडच्या सभासदांना गाडी मिळते. रविवारचा सकाळचा खेळ ठरवताना लोकलच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहणे अनिवार्य, कारण निम्मे सभासद बंद असलेल्या मार्गावरचे असू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये ठरावीक तारखेपुरतीच परवानगी असलेला चित्रपट घेऊ नये. पावसाने गाड्या बंद पडल्या तर खेळ पुढे ढकलता येत नाही. खेळापूर्वीची ओळख पाच-सात मिनिटांची असावी. त्यात देश, साल, दिग्दर्शकाची आधीची कामे आणि त्या काळची परिस्थिती यावी, कथानक येऊ नये. शेवटची श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे लावत नाहीत. चर्चेची सुरुवात ‘आवडला का’ या प्रश्नाने केली की ती हो-नाही वर संपते. एखादे दृश्य निवडून कॅमेरा कुठे होता, आवाज कुठून येत होता, असे विचारले की मागच्या रांगेतला नवा सभासदही बोलतो. छापील टिपण एका पानाचे पुरे. त्यावर मूळ भाषेतले शीर्षक, देश, साल, लांबी मिनिटांत, चित्राचे प्रमाण आणि प्रत कोणाकडून मिळाली ते लिहावे.