स्ट्रेन गेजच्या संदेशाचे विवर्धन : अल्प खर्चातील सूक्ष्म बलमापन

बलामुळे ताणल्या किंवा दबल्या जाणाऱ्या धातूवर चिकटवलेल्या बारीक नागमोडी पत्र्याचा विद्युत रोध बदलतो आणि त्या बदलावरून बल काढता येते. या पत्र्याला स्ट्रेन गेज किंवा विकृतिमापी म्हणतात. अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी १९३८ च्या सुमारास स्वतंत्रपणे या साधनाचे तारेचे मूळ रूप घडवले. मापन सोपे असले, तरी संदेश इतका क्षीण असतो की खरा प्रश्न त्याच्या विवर्धनाचाच आहे, असे सामान्यतः मानले जाते. ते अर्धसत्य आहे.

उदाहरणार्थ, २५ मिमी रुंद व १ मिमी जाड पोलादी पट्टी एका टोकाला पक्की आवळून, गेजपासून १०० मिमी अंतरावर १० ग्रॅम वजन टांगले, तर पृष्ठभागावर सुमारे १२ मायक्रोस्ट्रेन विकृती येते, म्हणजे लांबी दहा लाखांत १२ भाग बदलते. गेज गुणांक (विकृतीच्या किती पट प्रमाणात रोध बदलतो तो आकडा) २ धरला, तर ३५० ओहमच्या गेजचा रोध जेमतेम ०.००८ ओहमने बदलतो. एवढा बदल साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही. म्हणून गेज व्हीटस्टन सेतूत, म्हणजे रोधातील सूक्ष्म फरक विद्युत दाबाच्या रूपात दाखवणाऱ्या चार रोधांच्या मंडलात जोडतात. ५ व्होल्ट दिल्यास एकाच गेजच्या सेतूतून ३० मायक्रोव्होल्ट मिळतात, तर पट्टीच्या वर दोन आणि खाली दोन असे चार गेज लावल्यास १२० मिळतात. शिवाय चारही गेजवर तापमानाचा परिणाम जवळपास सारखाच होत असल्याने तो बऱ्याच अंशी परस्पर रद्द होतो. पट्टीची जाडी निम्मी केली की संदेश चौपट होतो. हे विवर्धन फुकटचे आहे. मात्र पट्टी लवचिक झाल्याने छताच्या पंख्याच्या वाऱ्यानेही आकडा डुलू लागतो.

मुंबईत हौशी मंडळी आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यासाठीचे सुटे भाग ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर शोधतात. एलएम३५८ हा ऑप-ॲम्प (विवर्धक चिप) स्वस्त असला, तरी त्याची शून्यस्थिती दर अंश सेल्सिअसला सुमारे ७ मायक्रोव्होल्टने सरकते. वरील चार गेजच्या पट्टीत हे सरकणे अर्ध्या ग्रॅमहून अधिक भरते, आणि विवर्धन कितीही वाढवले तरी ही चूकही त्याच प्रमाणात वाढते. एडी६२० सारखा इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर याहून पुष्कळ स्थिर असून त्याचे विवर्धन एकाच बाह्य रोधकाने ठरते, पण त्याला पुढे चांगला अंकीय परिवर्तक (विद्युत दाबाचे आकड्यात रूपांतर करणारा भाग) लागतो. म्हणून संथ मापनासाठी एचएक्स७११ ही चिप बहुधा सर्वांत किफायतशीर ठरते. तिच्यात १२८ पट विवर्धन आणि २४ बिटांचा परिवर्तक एकत्र असून सेतूला दिलेला विद्युत दाबच संदर्भ म्हणून वापरला जात असल्याने पुरवठ्यातील चढउताराचा परिणाम बराच कमी होतो. सेकंदाला १० नमुने घेतल्यास घरगुती विजेचा ५० हर्ट्‌झचा गुणगुणाटही गाळला जातो. सेकंदाला ८० नमुने ही तिची मर्यादा असल्यामुळे आघात किंवा कंपन मोजण्यास ती उपयोगी नाही. चोवीस बिट पाहून हुरळून जाऊ नये, कारण शेवटचे कित्येक बिट निव्वळ गोंगाट असतात.

खर्च न करता टाळण्याजोगी एक चूक सांध्यांत असते. गेजच्या कॉन्स्टंटन या तांबे-निकेल मिश्रधातूचा तांब्याशी सांधा दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्टचा औष्णिक विद्युत दाब निर्माण करतो. दोन सांध्यांवर ऊन किंवा वारा असमान लागला, तर तो संदेशाहून सहज मोठा होतो. त्यामुळे सांधे जवळजवळ, सममितीने आणि झाकलेले ठेवावेत. सेतूचा पुरवठा आलटून पालटून उलटवला, तर हा दाब गणिताने वजा करता येतो. मुंबईच्या पावसाळी दमटपणात उघड्या गेजभोवती ओलावा साचून विद्युतगळती होते व आकडा तासन्‌तास सरकत राहतो. गेज चिकटवण्यापूर्वी धातू घासून स्वच्छ करणे आणि नंतर त्यावर आम्लरहित सिलिकॉनचा थर देणे हा त्यावर स्वस्त उपाय आहे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन गेजची नाजूक वायरिंग कुरतडू शकते. अंशांकन (आकड्याचा वजनाशी मेळ लावणे) मात्र हा थर पूर्ण वाळल्यावरच, ज्ञात वजने चढत्या आणि उतरत्या क्रमाने ठेवून करावे, कारण थराचा ताठपणाही, विशेषतः पातळ पट्टीवर, मापात मिसळतो.