एकसामयिक समीकरणे (दोन चलांतील)

दोन चलांतील दोन रेषीय समीकरणे चलांच्या ज्या किमतींनी एकाच वेळी सत्य ठरतात त्या शोधायच्या असतील, तर त्या समीकरणांना एकसामयिक समीकरणे आणि किमतींच्या त्या जोडीला त्यांची उकल म्हणतात. एकट्या समीकरणाच्या उकली अनंत असतात. दुसरे समीकरण त्यांतून निवड करते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात हा विषय नववीत येतो व दहावीच्या बीजगणितात आलेख आणि निश्चयक या पद्धतींनी पुढे नेला जातो.

इ.स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी रचलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथातील एक उदाहरण आजच्या वर्गातही जसेच्या तसे घेता येते. ९ महाळुंगे व ७ कवठे यांची एकूण किंमत १०७ आहे, तर ७ महाळुंगे व ९ कवठे यांची १०१. तर प्रत्येक फळाची किंमत किती? एका महाळुंगाची किंमत क्ष व एका कवठाची य मानल्यास ९क्ष + ७य = १०७ आणि ७क्ष + ९य = १०१ ही समीकरणे मिळतात.

यांपैकी एका चलाचा लोप करणे हे उकलीचे मर्म होय. पहिल्या समीकरणाला ९ ने व दुसऱ्याला ७ ने गुणले असता य चा सहगुणक (य ला गुणणारी संख्या) दोन्हींकडे ६३ होतो; वजाबाकी केल्यावर ३२क्ष = २५६, म्हणून क्ष = ८, आणि ही किंमत पहिल्या समीकरणात ठेवल्यावर य = ५. वजाबाकीत खालच्या समीकरणातील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलावे लागते. विद्यार्थ्यांचे गुण बहुधा याच पायरीवर जातात, म्हणून उत्तराचा ताळा दोन्ही समीकरणांत घ्यावा. येथे सहगुणकांची अदलाबदल झालेली असल्याने आणखी सोपी वाटही आहे: बेरजेतून क्ष + य = १३ आणि वजाबाकीतून क्ष − य = ३ मिळते.

महावीराचार्यांनी दिलेली रीत शब्दांत आहे: मोठ्या किमतीला फळांच्या मोठ्या संख्येने गुणावे, त्यातून लहान किंमत व लहान संख्या यांचा गुणाकार वजा करावा आणि बाकीला त्या संख्यांच्या वर्गांच्या फरकाने भागावे. म्हणजे ९६३ − ७०७ = २५६, ८१ − ४९ = ३२, आणि भागाकार ८. लोप करताना आलेल्या याच संख्या निश्चयक पद्धतीतही येतात, कारण ३२ हा सहगुणकांचा निश्चयक, म्हणजे त्यांच्या तिरक्या गुणाकारांतील फरक (९ × ९ − ७ × ७) आहे. जिनिव्हाचे गणिती गाब्रिएल क्रेमर यांनी १७५० मध्ये कितीही चलांसाठी मांडलेला, निश्चयकांच्या भागाकाराने उकल काढण्याचा नियम दोन चलांपुरता पाहिला, तर तो अक्षरी सहगुणक ठेवून एकदाच केलेला लोप आहे. तो सूत्र म्हणून पाठ करून घेण्याआधी विद्यार्थ्याकडून असा लोप एकदा करवून घेतला, तर निश्चयकातील तिरका गुणाकार कोठून आला हे त्याला कळते.

आलेखावर प्रत्येक समीकरणाची एक रेषा येते व छेदनबिंदूचे निर्देशक ही उकल असते. निर्देशक अपूर्णांक असतील तर कागदावर ते अचूक वाचणे अवघड जाते. मात्र उकल का सापडत नाही हे याच पद्धतीत डोळ्यांना दिसते. वरच्या उदाहरणात दुसरी खरेदी १८ महाळुंगे व १४ कवठे यांची असती आणि किंमत २१४ असती, तर दोन्ही रेषा एकच झाल्या असत्या व नवी माहिती काहीच मिळाली नसती. किंमत २१० असती, तर रेषा समांतर राहून उकलच नसती. दोन्ही वेळा निश्चयक शून्य येतो आणि क्रेमरच्या नियमातील भागाकार करता येत नाही.