‘हे मोडेल कसं?’ : विद्यार्थी प्रोजेक्टमधल्या ॲनालिसिसची पार्श्वभूमी

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट रिपोर्ट चाळले, की ‘ॲनालिसिस’ या प्रकरणात बहुधा एकच गोष्ट सापडते: कॅड मॉडेल सॉफ्टवेअरमध्ये घालून काढलेला वॉन मिसेस ताणाचा (सगळ्या दिशांच्या ताणांचा मिळून काढलेला एकच आकडा) निळा-हिरवा-लाल नकाशा आणि त्याखाली फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे भाग प्रत्यक्षातल्या ताणाच्या किती पट पेलू शकतो ते. प्रोजेक्ट शाफ्टचा (फिरणाऱ्या दांड्याचा) असो, फ्रेमचा असो की प्रेसचा, प्रकरण तेच. हा भाग नेमका कशाने निकामी होईल, हा प्रश्न क्वचितच लिहिलेला असतो. कोणतं ॲनालिसिस करायचं हे मात्र त्याच प्रश्नावरून ठरतं. इतिहासात क्रम असाच होता: आधी काहीतरी मोडलं, मग ते का मोडलं याचा शोध लागला आणि त्यातून गणिताची पद्धत तयार झाली.

फटीगचं, म्हणजे पुन्हापुन्हा बदलणाऱ्या भाराने हळूहळू तडा जाण्याचं, उदाहरण घ्या. 8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. स्थिर भाराच्या हिशेबात असे आस भक्कम ठरत, तरीही ते वापरात असताना अचानक तुटत. पुढच्याच वर्षी रँकिन यांनी अशा आसांचा अभ्यास मांडला आणि जिथे व्यास एकदम बदलतो तिथल्या तीक्ष्ण कोपऱ्यापासून तडा हळूहळू आत सरकतो, याकडे लक्ष वेधलं. मग प्रशियातल्या रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट व्होलर यांनी 1850 आणि 60 च्या दशकांत फिरत्या आसांवर पुन्हापुन्हा भार देणारी यंत्रं बांधून वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या. ताण किती, यापेक्षा तो किती पट्ट्यात (किमान ते कमाल) आणि किती वेळा बदलतो, हे महत्त्वाचं, असं त्यांनी दाखवून दिलं. आज शाफ्टच्या खांद्याला, म्हणजे व्यास बदलतो त्या पायरीला, आपण फिलेट (कोपऱ्याला गोलाई) देतो, त्यामागे हे सगळं उभं आहे. तरी फिरणाऱ्या शाफ्टवर केवळ स्टॅटिक (स्थिर भाराचं) ॲनालिसिस करून थांबलेले रिपोर्ट मी अजून पाहतो आणि मनापासून हळहळतो.

बकलिंगची, म्हणजे दाबाखाली सडपातळ भाग अचानक बाजूला वाकण्याची, गोष्ट उलटी आहे. तिथे सिद्धांत आधीपासून होता. लांबी दुप्पट केली की खांब बाक येण्याआधी पेलू शकणारा भार चौथ्या हिश्शावर येतो, हे गणितज्ञ ऑयलर यांच्या अठराव्या शतकातल्या सूत्रातून निघतं. पण कॅनडातला क्वेबेक पूल बांधकाम चालू असतानाच 29 ऑगस्ट 1907 रोजी कोसळला आणि 75 कामगार मृत्युमुखी पडले. दाबाखालचे खालचे अवयव वाकले होते. पुलाचा मुख्य गाळा 1600 फुटांवरून 1800 फूट केला गेला, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळेत नव्याने केला गेला नाही. सूत्र बरोबर होतं, त्यात घातलेला भार चुकीचा होता. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये लोड कुठून आला, या प्रश्नावर मी व्हायवात (तोंडी परीक्षेत) अडून बसतो तो यासाठीच.

मग आधी प्रश्न, नंतर गणित हा क्रम उलटला कधी? 1950 च्या दशकात जेट विमानांच्या मागे ओढलेल्या आणि त्रिकोणी पंखांचा कडकपणा हातच्या हिशेबाने काढणं अवघड झालं. बोइंगमधल्या कामातून टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा निबंध 1956 साली आला. भागाचे छोटे-छोटे तुकडे कल्पून संगणकावर हिशेब करायच्या या पद्धतीला 1960 साली क्लफ यांनी ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिलं. नासाने त्याच दशकात नॅस्ट्रन हे या पद्धतीचं सॉफ्टवेअर बनवून घेतलं. जॉन स्वान्सन यांनी 1970 मध्ये स्वतःची कंपनी काढली, तिचंच पुढे ॲन्सिस झालं, जिचं सॉफ्टवेअर आज विद्यार्थीही वापरतात. तेव्हा ही साधनं मोठ्या संगणकावर चालत, एकेका रनला पैसे मोजावे लागत, त्यामुळे काय विचारायचं हे आधी पक्कं करूनच काम सुरू होई. लॅपटॉप आणि विद्यार्थी आवृत्त्या आल्यावर ही अडचण गेली. ते चांगलंच झालं, पण तिच्यासोबत आधी विचार करण्याची सक्तीही गेली.

मोठ्या कंपन्याही यात फसल्या आहेत. 23 ऑगस्ट 1991 रोजी नॉर्वेत स्लाइपनेर-ए या तेल प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीदरम्यान बुडाला. नाजूक जागी मेश (हिशेबासाठी पाडलेल्या तुकड्यांची जाळी) ढोबळ असल्याने शिअर ताण, म्हणजे कापणारा ताण, 47 टक्क्यांनी कमी धरला गेला होता. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणात भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती 65 मीटरच्या आसपास फुटली होती. म्हणजे पद्धत खोटी नव्हती. मेश बारीक केल्यावर उत्तर बदलतं का, हे तपासणं हा ॲनालिसिसचाच भाग आहे.

आपल्याकडे ‘हे मोडेल कसं?’ हा प्रश्न सर्वांत जिवंतपणे दिसतो तो बाहा स्पर्धेत, जिथे विद्यार्थी स्वतः बनवलेली गाडी खडबडीत रस्त्यावर पळवतात. 1976 साली अमेरिकेत सुरू झालेली ही स्पर्धा 2007 पासून भारतात, इंदूरजवळ पिथमपूरला होऊ लागली आणि महाराष्ट्रातली अनेक कॉलेजं तिच्यात हिरिरीने उतरतात. रोल केजसाठी (चालकाभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्यासाठी) नियमपुस्तिका 25 मिमी बाह्य व्यास आणि 3 मिमी जाडीची पोलादी नळी आधार धरते. दुसरी नळी घ्यायची तर वाकण्यातला कडकपणा आणि ताकद तितकी तरी असल्याचं दाखवावं लागतं. हा हिशेब अर्ध्या पानाचा आहे. आधाराच्या नळीचा क्षेत्र जडत्व-आघूर्ण (वाकण्याला आकारामुळे होणारा विरोध) सुमारे 12,800 मिमी⁴ येतो, तर 29.2 मिमी व्यास आणि 1.65 मिमी जाडीच्या नळीचा सुमारे 13,600. वजन मात्र जवळपास 30 टक्क्यांनी घटतं. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं) पोलाद घेतल्याने ताकद वाढते, कडकपणा वाढत नाही, कारण पोलाद कुठलंही असलं तरी यंग्ज मॉड्युलस, म्हणजे पदार्थाचा स्वतःचा कडकपणा, जवळपास तोच. ही गोष्ट रंगीत नकाशापेक्षा या अर्ध्या पानावर लवकर कळते.

केज उलटली तर काय होईल, यासाठी फायनाइट एलिमेंट हवंच. जोड अनेक, भार तिरका, हाताने जमत नाही. पण चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीत धक्के खात राहणाऱ्या सस्पेन्शन आर्मला (चाक आणि फ्रेम जोडणाऱ्या दांड्याला) वेल्डच्या कडेचा फटीग पाहावा लागतो. टाय रॉडवर (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्यावर) दाब आला तर बकलिंग, आणि बोल्टवर शिअर व बेअरिंग (छिद्राच्या कडेवर पडणारा दाब). यातली शेवटची दोन कामं वहीत होतात, आणि ती वही रिव्ह्यूला सोबत आणलेला गट मला नेहमी जास्त तयार वाटतो.