गर्दीनुसार सर्व्हरची संख्या कशी बदलते: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सांगली आणि परिसरातील ज्या व्यापारी पेढ्या, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि दुकानदार आपली संकेतस्थळे व ॲप आमच्यामार्फत क्लाउडवर चालवतात, त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढावेत आणि ओसरली की कमी व्हावेत, यासाठीचे नियम आम्ही टेराफॉर्मच्या, म्हणजे क्लाउडवरील साधनसामग्री कोडमधून उभारणाऱ्या साधनाच्या, फाइलींमध्ये लिहून ठेवतो. ते नियम कसे काम करतात आणि त्यांतील काही आकडे आपणच ठरवावेत असा आमचा आग्रह का असतो, हे येथे सांगितले आहे. उदाहरणे ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची, म्हणजे एडब्ल्यूएसची आहेत, कारण आमच्या बहुतेक ग्राहकांचे काम तिच्या मुंबई विभागातून चालते.

गर्दी दोन तऱ्हांची असते आणि दोन्हींसाठी नियम वेगळे लागतात. बेदाण्याच्या सौद्याचा दिवस किंवा प्रवेश अर्जाची शेवटची तारीख आधीच ठाऊक असते. याउलट कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांची इशारा पातळी गाठू लागले आणि ४५ फुटांच्या धोका पातळीची चर्चा सुरू झाली, की पाण्याची पातळी, बंद रस्ते आणि मदतीची माहिती देणाऱ्या संकेतस्थळांवर कोणत्याही वेळी लोक धाव घेतात. २०१९च्या महापुराचा अनुभव घेतलेल्या शहरात अशा रात्री संकेतस्थळ उघडेनासे होणे ही केवळ तांत्रिक अडचण राहत नाही, असे आम्ही मानतो.

तीन आकडे

सर्व्हरच्या प्रत्येक गटाला किमान संख्या, कमाल संख्या आणि सध्या हवी असलेली संख्या असे तीन आकडे असतात. किमान संख्या दोन ठेवावी आणि ते दोन सर्व्हर मुंबई विभागातील दोन वेगवेगळ्या झोनमध्ये, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र असलेल्या डेटा सेंटरच्या समूहांमध्ये, असावेत, अशी आमची शिफारस आहे. एका झोनमध्ये बिघाड झाला तरी दुसऱ्यातील सर्व्हर काम चालू ठेवतो. कमाल संख्या हा मात्र सर्वस्वी पैशांशी जोडलेला निर्णय आहे. लिनक्स सर्व्हरचे भाडे सेकंदानुसार आकारले जाते आणि सर्व्हर सुरू झाला की किमान ६० सेकंदांचे शुल्क लागतेच, त्यामुळे तासाभरासाठी वाढलेल्या सर्व्हरचा खर्च तेवढ्यापुरताच असतो. पण कमाल मर्यादा बेसुमार ठेवली, तर एखाद्या बनावट गर्दीचे बिलही आपल्यालाच भरावे लागते. म्हणून हा आकडा आपल्या लेखी संमतीशिवाय आम्ही फाइलमध्ये घालत नाही.

तिसरा आकडा, म्हणजे सध्या हवी असलेली संख्या, यंत्रणा स्वतः बदलत असते, आणि येथे एक सापळा आहे. हा आकडा कोडमध्ये दोन असा पक्का लिहिला असेल, गर्दीमुळे यंत्रणेने तो पाचवर नेला असेल आणि त्याच वेळी आम्ही भलत्याच कारणासाठी टेराफॉर्म चालवले, तर ते कोडशी जुळवून घेण्यासाठी संख्या पुन्हा दोनवर आणते. म्हणजे ऐन गर्दीत तीन सर्व्हर बंद होतात. म्हणून या आकड्यातील बदल दुर्लक्षित करण्याची सूचना आम्ही कोडमध्येच देतो. दुसऱ्या कोणाकडून असे काम करून घेतले असल्यास ही एक ओळ आहे का, हे अवश्य तपासून घ्यावे.

सर्व्हर कधी वाढतात, कधी कमी होतात

बहुतेक संकेतस्थळांसाठी आम्ही लक्ष्याधारित नियम वापरतो. गटाचा सरासरी सीपीयू वापर ५० टक्क्यांच्या आसपास राहावा, असे लक्ष्य दिले की तेवढ्यासाठी किती सर्व्हर लागतील याचा हिशेब यंत्रणा करते. वाढ लवकर व्हावी आणि घट सावकाश व्हावी, हे या नियमात मुळातच आहे: वापर सलग तीन मिनिटे लक्ष्यापेक्षा जास्त राहिला की सर्व्हर वाढतात, पण कमी करण्यापूर्वी यंत्रणा साधारण पंधरा मिनिटे वाट पाहते. हे अंतर योग्यच आहे, कारण गर्दी क्षणभर ओसरून पुन्हा उसळते. मात्र सर्व्हरची सविस्तर देखरेख चालू केलेली नसेल, तर सीपीयूचे आकडे दर मिनिटाऐवजी दर पाच मिनिटांनी येतात आणि यंत्रणेला गर्दीची जाणीव उशिरा होते. या देखरेखीला थोडे अधिक शुल्क पडते. तरीही ती घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ठरलेल्या वेळेच्या गर्दीसाठी यंत्रणेला वाट पाहायला लावण्याचे कारणच नाही. सौदा सकाळी सुरू होणार असेल, तर त्याआधी अर्धा तास किमान संख्या दोनवरून चारवर नेण्याचे आणि दुपारनंतर ती पुन्हा दोनवर आणण्याचे वेळापत्रक कोडमध्ये लिहिता येते. त्यात एशिया/कोलकाता हा वेळविभाग स्पष्ट नमूद करावा लागतो, अन्यथा वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, धरली जाते आणि सकाळी नऊसाठी लिहिलेला आदेश आपल्याकडे दुपारी अडीच वाजता अमलात येतो.

नवा सर्व्हर चालू झाला म्हणजे त्यावरील ॲप उत्तर देऊ लागले, असे नाही. गटाची मूळ तपासणी फक्त यंत्र चालू आहे का एवढेच पाहते. म्हणून आम्ही लोड बॅलन्सरची, म्हणजे येणारी गर्दी सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्या घटकाची, तपासणी जोडतो, जी ॲपलाच प्रश्न विचारते आणि उत्तर न देणारा सर्व्हर बदलायला लावते. टेराफॉर्ममध्ये वेगळे काही लिहिले नाही तर नव्या सर्व्हरला या तपासणीतून पहिल्या ३०० सेकंदांची सूट मिळते. आपले ॲप सुरू व्हायलाच त्याहून जास्त वेळ घेत असेल, तर यंत्रणा प्रत्येक नवा सर्व्हर नादुरुस्त समजून काढते आणि पुन्हा नवा आणते; हे चक्र चालूच राहते. त्यासाठी आधी आपल्या ॲपचा प्रत्यक्ष सुरू होण्याचा काळ मोजूनच आम्ही हा आकडा ठरवतो.

डेटाबेसची मर्यादा

सर्व्हर वाढले तरी त्यांच्यामागचा डेटाबेस एकच राहतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत एकाच वेळी १०० जोडण्यांची मूळ मर्यादा असते. प्रत्येक सर्व्हर २० जोडण्या उघडत असेल, तर पाचव्या सर्व्हरलाच ही मर्यादा भरते आणि सहावा सर्व्हर उपयोगी पडण्याऐवजी सर्वांनाच अडचणीत आणतो. म्हणून कमाल संख्या ठरवताना खर्चाइतकाच डेटाबेसचाही विचार करावा लागतो. त्याचप्रमाणे ग्राहकाचे लॉगिन किंवा त्याने चढवलेली कागदपत्रे एखाद्या सर्व्हरच्या डिस्कवर राहत असतील, तर तो सर्व्हर कमी होताच ती नाहीशी होतात. अशा ॲपमध्ये आधी ही माहिती सर्व्हरबाहेर ठेवण्याचा बदल करून घ्यावा लागतो, आणि तो होईपर्यंत स्वयंचलित मांडणी सुरू करण्यास आम्ही नम्रपणे नकार देतो.

हे सारे कोडमध्येच का

वरील प्रत्येक गोष्ट एडब्ल्यूएसच्या पडद्यावर बटणे दाबूनही करता येते. पण तो बदल कोणी केला, का केला आणि त्याआधी कोणता आकडा होता, हे सहा महिन्यांनी कोणाला सांगता येत नाही. कोडच्या फाइलींचा इतिहास जमिनीच्या फेरफार नोंदवहीसारखा असतो: प्रत्येक बदलापुढे नाव, तारीख आणि कारण राहते. शिवाय टेराफॉर्म बदल करण्यापूर्वी काय वाढेल, काय बदलेल आणि काय काढून टाकले जाईल याचा आराखडा दाखवते. तो आराखडा आम्ही साध्या मराठीत समजावून आपल्याकडे पाठवतो आणि आपला होकार आल्यावरच अमलात आणतो. पडद्यावरून परस्पर केलेला बदल पुढच्या वेळी टेराफॉर्म पुसून टाकू शकते, म्हणून आपल्या कर्मचाऱ्यांनी तसा बदल करू नये. तातडीने करावाच लागला, तर आम्हाला त्याच दिवशी कळवावे.

टेराफॉर्म आपल्या साधनसामग्रीची नोंद एका स्टेट फाइलमध्ये ठेवते. तिच्यात पासवर्डही साध्या अक्षरांत असू शकतात. त्यामुळे ती कोणाच्या संगणकावर न ठेवता आपल्याच खात्यातील कूटबद्ध साठ्यात, जुन्या आवृत्त्यांसह ठेवली जाते, आणि दोघांनी एकाच वेळी बदल करू नये म्हणून तिला कुलूप असते.

एडब्ल्यूएसचे खाते पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर असते. गटाने कमाल संख्या गाठली की सूचना आपल्याला आणि आम्हाला एकाच वेळी येते. पुढे आपण दुसऱ्या सेवादाराकडे जाण्याचे ठरवल्यास सर्व कोड, त्याचा इतिहास आणि स्टेट फाइल कोणतेही वेगळे शुल्क न घेता आपल्या स्वाधीन केली जाते.