स्वालबार्ड: मूळ रहिवासी नसलेल्या बेटांवर मत कोणाचं?

ऑक्टोबर 2023 मध्ये लाँगयरब्येनमध्ये स्थानिक परिषदेची निवडणूक झाली. स्वालबार्ड या नॉर्वेच्या ताब्यातल्या बेटांवरचं हे गाव उत्तर ध्रुवापासून साधारण 1,300 किलोमीटरवर आहे. वस्ती अडीच हजारांच्या आसपास, परिषदेचे सदस्य 15. एवढ्याशा निवडणुकीची चर्चा नॉर्वेच्या बाहेरही झाली, कारण आधीच्या निवडणुकीत मतदानाला पात्र असलेले शेकडो रहिवासी या वेळी मतदारयादीत नव्हते. ते गाव सोडून गेले नव्हते. तिथेच राहत होते, कर भरत होते, त्यांची मुलं तिथल्या शाळेत जात होती. बदलला होता तो नियम.

हा नियम का बदलला आणि तो इतक्या जणांना का लागला, हे कळायला चारशे वर्षं मागं जावं लागतं. स्वालबार्डमध्ये ‘स्थानिक’ कोणाला म्हणायचं, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

आधी भूगोल. 74 ते 81 अंश उत्तर अक्षांश आणि 10 ते 35 अंश पूर्व रेखांश या चौकटीतली सगळी बेटं म्हणजे स्वालबार्ड. क्षेत्रफळ सुमारे 61,000 चौरस किलोमीटर, त्यातला निम्म्याहून जास्त भाग हिमनद्यांखाली. सर्वांत मोठं बेट स्पिट्सबर्गन. जवळजवळ सगळी वस्ती त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, कारण अटलांटिकमधून वर येणारा उबदार प्रवाह तो किनारा बराच काळ बर्फापासून मोकळा ठेवतो. पूर्वेकडची बेटं त्या मानाने फार थंड आणि ओसाड. जमीन खोलवर कायमची गोठलेली असल्याने शेती होत नाही, झाड वाढत नाही. लाँगयरब्येनमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मावळत नाही.

ग्रीनलंडमध्ये इनुइट आहेत, उत्तर नॉर्वेत सामी आहेत. स्वालबार्डमध्ये मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहणारा असा कोणताच समाज कधी नव्हता. आला तो प्रत्येक जण काहीतरी घ्यायला आला. 1596 मध्ये डच दर्यावर्दी विलेम बारेंट्स चीनकडे जाणारा उत्तरेचा मार्ग शोधताना इथे पोहोचला, आणि त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांतच देवमाशांच्या शिकारीसाठी इंग्रज आणि डच जहाजांची रीघ लागली. देवमाशाच्या चरबीचं तेल युरोपात दिव्यांसाठी आणि साबणासाठी लागत असे. वायव्य टोकाला डचांनी स्मीरेनबर्ग नावाचा तळ उभारला आणि तिथे मोठमोठ्या भट्ट्यांवर चरबी कढवली जाऊ लागली. किनाऱ्याजवळचे देवमासे संपले तसा तळही ओस पडला. पुढे उत्तर रशियातले पोमोर शिकारी आले, त्यांच्यामागून नॉर्वेजियन फासेपारधी. वालरस, कोल्हे, ध्रुवीय अस्वलं यांच्या कातड्यांसाठी ते हिवाळाही तिथेच काढत, आणि त्यांतले बरेच जण परतले नाहीत.

एवढं सगळं चाललं तरी ही बेटं कोणत्याच राष्ट्राची नव्हती, आणि तीनशे वर्षं त्यावाचून कोणाचं फारसं अडलं नाही. अडलं ते कोळसा सापडल्यावर. जॉन मनरो लाँगयर हे अमेरिकी उद्योजक 1901 मध्ये पर्यटक म्हणून इथे आले होते. 1906 मध्ये त्यांच्या कंपनीने खाण सुरू केली, आणि आजच्या गावाला नाव मिळालं ते त्यांच्यावरूनच. त्या काळी खाणीवर हक्क सांगायचा म्हणजे जमिनीत पाटी रोवायची. एकाच दरीवर दोन-तीन देशांच्या कंपन्यांच्या पाट्या लागल्या, तरी तंटा नेणार कुठे? न्यायालय नव्हतं, पोलीस नव्हते. मजुरांनी संप केला तर कोणत्या कायद्याने मिटवायचा, हेही ठरलेलं नव्हतं.

त्यावर तोडगा म्हणून 1910 ते 1914 दरम्यान ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, तीन परिषदा झाल्या. नॉर्वे, स्वीडन आणि रशिया या तिघांनी मिळून कारभार पाहावा अशी योजना पुढे आली होती. पहिल्या महायुद्धाने ती गुंडाळली. युद्धानंतर पॅरिसमध्ये शांततेच्या वाटाघाटी सुरू असताना नॉर्वेचे तिथले राजदूत वेडेल यार्ल्सबर्ग यांनी संधी साधली. जर्मनी हरलेला होता, आणि क्रांतीत गुंतलेल्या रशियाला बोलावणंच नव्हतं. 9 फेब्रुवारी 1920 रोजी करारावर सह्या झाल्या.

हा करार वाचला की त्यातली कसरत लक्षात येते. पहिल्याच कलमाने बेटांवर नॉर्वेचं पूर्ण सार्वभौमत्व मान्य केलं, आणि पुढच्या कलमांनी त्या सार्वभौमत्वाला कुंपण घातलं. सह्या करणाऱ्या सगळ्या देशांच्या नागरिकांना मासेमारी, शिकार, खाणकाम आणि व्यापार यांत समान वागणूक मिळाली पाहिजे. तिथे गोळा होणारा कर तिथल्याच कारभारासाठी वापरला पाहिजे. नाविक तळ किंवा तटबंदी उभारता येणार नाही आणि बेटांचा युद्धासाठी वापर होणार नाही. 14 ऑगस्ट 1925 रोजी करार अमलात आला. सोव्हिएत संघ 1935 मध्ये त्यात सामील झाला.

भारत मात्र पहिल्या दिवसापासून या करारात आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या वतीने सह्या झाल्या तेव्हा भारताचं नाव वेगळं घातलं गेलं, आणि भारतासाठी सही केली ती पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डर्बी यांनी. लोकमान्य टिळक तेव्हा हयात होते. आर्यांचं मूळ वसतिस्थान ध्रुव प्रदेशात असावं हे त्यांचं मत महाराष्ट्रात सतरा वर्षांपूर्वीच गाजलं होतं. त्याच ध्रुव प्रदेशातल्या बेटांबाबत भारताला हक्क मिळत होते आणि त्याविषयी एकाही भारतीयाला विचारलं गेलं नव्हतं. तरी ते हक्क कागदावर राहिले, आणि शंभर वर्षांनी त्यांचा उपयोग होतो आहे. भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र स्पिट्सबर्गनवरच्या न्यी-ओलेसुंडमध्ये 1 जुलै 2008 रोजी सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यातून चालतो, वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. डिसेंबर 2023 पासून भारतीय शास्त्रज्ञ तिथे हिवाळ्यातल्या अंधारातही काम करू लागले आहेत.

आता कारभाराकडे येऊ. 1925 च्या कायद्याने नॉर्वेने बेटांवर एक राज्यपाल नेमला. त्याचं आजचं पद सिसेलमेस्टर. पोलीसप्रमुख तोच, पर्यावरणाचा रखवालदार तोच, शोध आणि बचावकार्य त्याच्याकडेच, आणि लग्नही तो लावू शकतो. आदेश काढून माणसाला बेटाबाहेर घालवण्याचा अधिकारही त्याच्या कार्यालयाकडे आहे, आणि उदरनिर्वाहाचं साधन नसणं हे त्याला पुरेसं कारण आहे. लोकांनी निवडलेलं मात्र काहीच नव्हतं, कारण लाँगयरब्येन हे कंपनीचं गाव होतं. 1916 मध्ये अमेरिकी खाण ‘स्टोरे नोर्स्के’ या नॉर्वेजियन कंपनीने विकत घेतली. पुढे कित्येक दशकं घर कंपनीचं, खानावळ कंपनीची, दुकान कंपनीचं आणि नोटादेखील कंपनीनेच छापलेल्या. हिवाळ्यात समुद्र गोठला की महिनोन्‌महिने बोट येत नसे. विमानतळ झाला तो 1975 मध्ये.

शेजारी बारेंट्सबुर्ग आणि पिरामिडेन इथे सोव्हिएत संघाची ‘आर्क्टिकुगोल’ ही सरकारी कंपनी खाणी चालवत होती. शीतयुद्धाच्या काळात बेटांवर नॉर्वेजियनांपेक्षा सोव्हिएत नागरिक जास्त होते, ही गोष्ट मराठी वाचकाला नवलाची वाटेल. नाटोचा सदस्य असलेल्या देशाच्या भूमीवर लेनिनचे पुतळे उभे होते आणि ते पूर्णपणे कायदेशीर होतं. सार्वभौमत्वाबाबत नॉर्वे इतका हळवा का, याचं एक उत्तर इथे आहे. दुसरं 1944 मधलं. त्या वर्षी सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांनी नॉर्वेच्या परराष्ट्रमंत्र्यांकडे करार बाजूला सारून दोघांनी मिळून बेटांचा कारभार पाहण्याची मागणी केली होती. ती मान्य झाली नाही, पण नॉर्वे ती विसरला नाही.

खाणींनी माणसंही खूप घेतली. न्यी-ओलेसुंडच्या सरकारी खाणीत 5 नोव्हेंबर 1962 रोजी स्फोट होऊन 21 जण गेले. सुरक्षेतल्या हलगर्जीवरून संसदेत इतकं रान उठलं की ऑगस्ट 1963 मध्ये पंतप्रधान गेरहार्डसेन यांचं सरकार विश्वासमत गमावून पडलं. खाण कायमची बंद झाली आणि ते गाव पुढे संशोधनाकडे वळलं. ‘हिमाद्री’ आज ज्या वस्तीत उभं आहे, तिच्यामागे हा इतिहास आहे. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

लाँगयरब्येनला आपलं मत मांडायची पहिली जागा मिळाली ती 1971 मध्ये, स्वालबार्ड कौन्सिलच्या रूपाने. तिला अधिकार नव्हते, फक्त सल्ला देता येत असे. 1980 च्या दशकाच्या शेवटी सरकारने कंपनीकडून नागरी सेवा वेगळ्या काढायला सुरुवात केली. 1993 मध्ये विद्यापीठ केंद्र आलं, पर्यटन वाढलं, आणि खाणीशी संबंध नसलेली माणसं गावात राहू लागली. मग 1 जानेवारी 2002 पासून निवडलेली स्थानिक परिषद कामाला लागली. पाणी, वीज, रस्ते, नगररचना, बालवाडी आणि पुढे शाळाही तिच्याकडे आली. रुग्णालय मात्र मुख्य भूमीवरच्या सरकारी व्यवस्थेकडेच राहिलं. म्हणजे लोकनियुक्त कारभार इथे आला तो पंचवीस वर्षांच्या आतबाहेर, आणि गाव त्याच्यापेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी मोठं.

याच काळात गावाची वस्ती बदलली. करारामुळे नॉर्वेने इथे येणाऱ्यांना व्हिसाची अट घातलेली नाही. नोकरी आणि डोक्यावर छप्पर असेल तर कोणत्याही देशाचा नागरिक राहू शकतो. (भारतीयाला वाटेत ऑस्लो किंवा ट्रोम्सो लागतं, त्यामुळे शेंगेन व्हिसा घ्यावाच लागतो, हा भाग वेगळा.) आज पन्नासहून जास्त देशांचे लोक तिथे आहेत आणि एकतृतीयांशाच्या आसपास रहिवासी परदेशी नागरिक आहेत. थायलंड आणि फिलिपाइन्सचे लोक त्यांत ठळक दिसतात. हॉटेलं, दुकानं, साफसफाई, स्वयंपाकघरं यांचा बराच भार त्यांच्यावर आहे.

पण हे गाव माणसाला जन्मापासून मरणापर्यंत सांभाळत नाही. बाळंतपणाआधी तीन-एक आठवडे बाईला मुख्य भूमीवर जावं लागतं. वृद्धाश्रम नाही, मुख्य भूमीसारखं सरकारी अर्थसाहाय्य नाही. जमीन गोठलेली असल्याने शवपेटीचं दफन कधीच थांबवलं आहे. बहुतेक घरं नोकरी देणाऱ्याची किंवा सरकारची, त्यामुळे नोकरी गेली की घरही जातं. 19 डिसेंबर 2015 रोजी डोंगरावरून हिमस्खलन होऊन 11 घरं उद्ध्वस्त झाली आणि दोघांचा जीव गेला. त्यानंतर धोक्याच्या पट्ट्यातली शंभराहून अधिक घरं रिकामी करावी लागली. नवी घरं बांधली गेली, पण त्यांतली अनेक सरकारी कर्मचाऱ्यांसाठी होती, आणि खाजगी नोकरीतल्या परदेशी माणसाला जागा मिळणं आणखी कठीण झालं.

2022 चा नियम या पार्श्वभूमीवर आला. त्याआधी लाँगयरब्येनमध्ये तीन वर्षं राहिलेल्या परदेशी नागरिकाला स्थानिक निवडणुकीत मत देता येत होतं आणि उभंही राहता येत होतं. आता ही तीन वर्षं नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच्या एखाद्या नगरपालिकेत काढलेली असावी लागतात. पंधरा वर्षं गावात राहिलेली, पण मुख्य भूमीवर कधीच न राहिलेली थाई स्त्री मत देऊ शकत नाही. गेल्याच वर्षी ऑस्लोहून आलेला नॉर्वेजियन देऊ शकतो. सरकारची बाजू अशी की परिषदेचा बराच पैसा मुख्य भूमीवरून येतो, म्हणून निर्णय घेणाऱ्यांचं मुख्य भूमीशी नातं असावं. करारातली समान वागणूक आर्थिक व्यवहारांपुरती आहे, मतदानाचा उल्लेख तिच्यात नाही. हे दोन्ही मुद्दे कायद्याने खरे आहेत.

नॉर्वेची काळजीही मला पोकळ वाटत नाही. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर बारेंट्सबुर्गमध्ये रशियन लष्करी थाटाचं विजयदिनाचं संचलन निघालं आहे. स्वालबार्डमधली खाजगी मालकीची एक मोठी जमीन विक्रीला निघाली, तेव्हा 2024 मध्ये सरकारने मध्ये पडून विक्री रोखली. मोक्याची जागा, शेजारी रशिया, आणि लष्करी तळ उभारायला करारानेच हात बांधलेले. अशा वेळी वस्ती हेच सार्वभौमत्व टिकवायचं साधन उरतं, आणि वस्ती ‘आपली’ असावी असं राज्याला वाटतं. पण धोका आहे तो एका राज्याकडून, आणि हक्क गेला तो हॉटेलात पलंगाच्या चादरी बदलणाऱ्या माणसांचा. त्यांच्यापासून नॉर्वेला कसलं भय होतं हे कोणी पटेल असं सांगितलेलं नाही. त्यांच्या मुलांची शाळा कशी चालेल, विजेचे दर किती असतील, हिमस्खलनाच्या पट्ट्यात काय बांधायचं, हे विषय परराष्ट्र धोरणाचे नव्हेत, गावाचे आहेत.

दरम्यान ज्या कोळशाने हे गाव जन्माला घातलं तो संपला. लाँगयरब्येनचं कोळशावरचं वीजकेंद्र 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बंद होऊन डिझेलवर गेलं, आणि शेवटची नॉर्वेजियन खाण, सात नंबरची, 2025 च्या उन्हाळ्यात बंद झाली. डिझेल महाग आहे, नवी ऊर्जाव्यवस्था कोणती हे ठरायचं आहे, आणि ते ठरवण्यात स्थानिक परिषदेचा मोठा वाटा असणार आहे. पुढची निवडणूक 2027 मध्ये आहे. मतदारयादीचा नियम सध्या तरी तोच आहे.